भाचा म्हणतो, ‘मामा, हा सारकॅझम आहे’

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही चोपड्याला राहता, भाचा जळगावला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बातम्या आणि फोटो आले की त्याखाली तो तिरकस काहीतरी लिहितो. चोरीची बातमी असेल तर ‘छे छे, हे लोक तसले नाहीतच हो’. कृष्णवर्णीय बाई मोठ्या पदावर गेली तर ‘अर्थातच मेरिटवर!’ आणि पुढे हसरा चेहरा. तुम्ही टोकलंत तर म्हणाला, ‘मामा, हा सारकॅझम आहे, तुम्हाला नाही कळायचं. आणि आपल्याकडे कोण काळा माणूस बसलाय वाचायला?’ हे मनावर घ्यावं की वयाचा भाग म्हणून सोडून द्यावं, आणि घ्यायचंच तर बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलंय.

मी जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत आणि वसतिगृहांत बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. माझं मत विचाराल तर मनावर घ्या. पण भांडण ‘तू गंमत करत होतास की नव्हतास’ यावर नेऊ नका. तो गंमतच करत होता, हे मान्य करून टाका. प्रश्न त्याच्या हेतूचा नाहीच. ती गंमत चालते कशावर, हा प्रश्न आहे.

त्याचं वाक्य घ्या. ‘हे लोक तसले नाहीतच हो.’ शब्दाशब्दाने तपासलं तर आक्षेप घ्यायला जागा नाही. मग वाचणारा हसतो कशाला? कारण ‘हे लोक तसलेच असतात’ हे न लिहिलेलं वाक्य तो आपल्या मनाने भरतो. लिहिणाऱ्याने फक्त जागा मोकळी सोडलेली असते. ज्याच्या डोक्यात तो समज आधीच नाही त्याला विनोद कळतच नाही, आणि ज्याला कळला तो हसता हसता त्या समजाला होकार देऊन बसतो. उघड शिवी दिली असती तर ग्रुपमधले दोघं-चौघं तरी दचकले असते. इथे कुणी दचकत नाही. लिहिणारा म्हणतो मी काही वाईट लिहिलंच नाही, वाचणारा म्हणतो मी तर फक्त हसलो, आणि हरकत घेणारा माणूस तेवढा मंद ठरतो. तुमच्या बाबतीत तेच झालं. म्हणून मला शिवीपेक्षा ही भाषा जास्त काळजीची वाटते.

तिरकस बोलणं मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं सरळ वाक्य क्वचितच बोलतात. पण तो टोमणा कुणाच्या तरी वागण्यावर असतो: उसने घेतले आणि दिले नाहीत, येतो म्हणाला आणि आला नाही. त्या माणसाने काहीतरी केलेलं असतं, आणि उद्या तो वेगळं वागला तर टोमणा आपोआप संपतो. भाचा ज्या बाईवर ‘मेरिटवर’ लिहितो तिने काय केलंय? शिकली, काम केलं, पद मिळवलं. ती कितीही चांगली वागली तरी हा टोमणा संपणार नाही, कारण तो तिच्या कातडीवर आहे. हा फरक पोरांना सांगितला तर कळतो. विसाव्या वर्षी माणूस तेवढा समजदार असतो.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला सगळं दिसत नाही. तो स्वतः लिहितो की आलेलं पुढे ढकलतो? पुढे ढकलणारी पोरं बहुतेक वेळा एका बोलण्यात थांबतात. स्वतः रचणाऱ्याला त्यातून मित्रांत मान मिळत असतो, त्याला वेळ लागतो. त्याच्या कॉलेजात आफ्रिकेतून आलेला कुणी विद्यार्थी आहे का? असेल तर प्रश्न मामा-भाच्यातला राहत नाही, त्यावर शेवटी लिहिते. आणि हे फक्त कृष्णवर्णीयांपुरतं आहे की बाकीच्यांवरही असंच चालतं? माझा अनुभव असा की एकट्या अमेरिकेपुरतं ते क्वचितच असतं.

एका मुलाचं सांगते. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वसतिगृहातल्या भांडणावरून तो माझ्याकडे आला होता. हुशार, बोलायला गोड, घरी केळीचा बाग. त्याने स्वतःच फोन टेबलावर ठेवला आणि ग्रुप उघडून दाखवला, ‘बघा मॅडम, मी मजाक करून राहिलो होतो.’ वर अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय सर्जनचा फोटो होता आणि खाली याची ओळ: ‘ऑपरेशन यांच्याकडेच करा रे सगळ्यांनी, पक्के मेरिटवाले आहेत.’ मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, यात जे बोलला नाहीस ते सरळ वाक्यात लिही. त्याने पेन हातात घेतलं. ‘हे लोक’ एवढं लिहिलं, खोडलं. ‘काही लोक’ लिहिलं. मग म्हणाला, असं लिहिलं तर वाईट दिसतं. मी म्हटलं, वाक्य तुझंच आहे, मी एक शब्दही घातलेला नाही. बराच वेळ तो कागदाकडे बघत बसला. मग मी फोनवर जरा खाली सरकवायला सांगितलं. त्याच ग्रुपमध्ये, त्याच सत्रात, धडगावकडून आलेल्या एका पावरा आदिवासी मुलीच्या निकालाखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मेरिट बोलतंय!’ आणि याने हसरे चेहरे टाकले होते. ज्या भांडणासाठी तो माझ्याकडे आला होता ते त्या मुलीच्या भावाशी झालं होतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तुमच्या भाच्याचं ‘इथे कोण वाचतंय’ हे म्हणणं खरं नाही. सर्जन वाचत नव्हता, पण पावरा मुलगी आणि तिचा भाऊ त्याच इमारतीत राहत होते. परक्या माणसावर हात बसला की वाक्य तयार असतं, मग फक्त नाव बदलावं लागतं. भिल्ल, पावरा, तडवी पोरं शिकायला जळगाव-धुळ्याला येतात तेव्हा असल्या गोड शब्दांतले टोमणे किती ऐकतात हे मला माहीत आहे. त्यांतली कितीतरी जणं माझ्यासमोर बसून रडली आहेत.

तर बोलायचं कसं, याचं माझं उत्तर तेच कागद-पेन. तुम्ही व्याख्यान देऊ नका. चोपड्याला आला की जेवणं झाल्यावर, आजूबाजूला कुणी नसताना, त्याचीच एक ओळ घ्या आणि म्हणा, यातलं न बोललेलं वाक्य मला सरळ सांग. त्याने टाळलं तरी हरकत नाही. टाळलं म्हणजे ते वाक्य उघड बोलण्यासारखं नाही हे त्याला आतून कळलंय, आणि पुढचं बोलणं तिथून सुरू करता येतं. आईवडिलांपेक्षा मामाशी पोरं मोकळी होतात, त्याचा इथे उपयोग आहे.

काही पोरं मात्र टाळत नाहीत. ती सरळ सांगतात, ‘मग खरंच आहे ना, आकडे बघा.’ तुमचा भाचा इंजिनिअरिंगचा आहे, तोही आकडे काढेल, म्हणून तयारीत राहा. ठरलेला आकडा असा येतो: अमेरिकेत कृष्णवर्णीय तेरा टक्के, आणि गुन्हे मात्र निम्मे. पहिली गोष्ट, ‘निम्मे’ हे सगळ्या गुन्ह्यांबद्दल खरं नाही. खुनासारख्या एखाद-दोन गुन्ह्यांतल्या अटकांचा आकडा उचलून तो सगळ्यांना चिकटवलेला असतो. दुसरी गोष्ट, अटक म्हणजे पोलीस कुठे जातात त्याचा हिशोब. तिथल्या सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांच्या संस्थेने २०१३ साली गांजाच्या अटकांचा अहवाल काढला. गोरे आणि कृष्णवर्णीय गांजा जवळपास सारख्याच प्रमाणात ओढतात, पण अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांची पावणेचार पट, असं त्यात निघालं. तिसरी गोष्ट गरिबीची. १९३०च्या दशकात तिथल्या सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे करून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग मारला आणि त्या वस्त्या कर्जाला धोक्याच्या ठरवल्या. घर घेण्यातला असा भेदभाव कायद्याने बंद झाला तो १९६८ साली. दोन पिढ्यांना घर घेऊ दिलं नाही तर तिसऱ्या पिढीकडे काय असणार?

हे त्याला परकं वाटलं तर आपल्याकडचं सांगा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसारख्या कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, कुठेही चोरी झाली की आधी यांचीच झडती. अशी झडती पिढ्यान्‌पिढ्या घेतली तर दप्तरात कुणाची नावं सापडतील? कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी आजही आपल्या गावात चोरी झाली की पहिलं बोट कुणाच्या तांड्याकडे किंवा पालाकडे जातं ते तुम्हाला माहीत आहे. भाच्यालाही माहीत असेल. आकड्यामागे दप्तर असतं आणि दप्तर लिहिणारा माणूस असतो, हे इंजिनिअरला पटायला हवं.

अमेरिकेतले हे विनोद आले कुठून, हेही त्याला ठाऊक नसणार. कृष्णवर्णीय माणसाच्या फोटोखाली टरबुजाचं चित्र टाकून हसणारी आपली पोरं मी बघितली आहेत. गिरणा-तापीच्या वाळूत टरबूज पिकवणाऱ्या मुलखातली ही पोरं. त्यात हसण्यासारखं काय, असं विचारलं तर सांगता येत नाही. सगळे हसतात म्हणून हसतात. १८६५ला गुलामी संपल्यावर सुटलेल्या कितीतरी कुटुंबांनी टरबूज लावलं आणि विकलं. स्वतःच्या कष्टाचा पैसा पहिल्यांदा स्वतःच्या हातात आला. दक्षिणेतल्या गोऱ्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी त्याच फळावरून आळशी, खादाड, पोरकट काळा माणूस रंगवायला सुरुवात केली, त्याची पोस्टकार्डं छापली. त्याच्या आधीपासून, १८३०च्या सुमारापासून, गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत आणि थिएटरं भरत. म्हणजे भाचा ज्याला आजचा नवा विनोद समजतो तो दक्षिणेतल्या त्या गोऱ्यांच्या रागातून आलेला दीडशे वर्षांचा जुना माल आहे. केळीचंही तसंच. २०२१च्या जुलैत युरो फुटबॉलच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे तीन कृष्णवर्णीय खेळाडू पेनल्टी चुकले, तेव्हा त्यांच्या खात्यांवर माकडं आणि केळी यांच्या चित्रांचा पाऊस पडला. रावेर-यावलच्या माणसाने तरी केळं कुणाच्या अपमानासाठी वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

‘आपला काय संबंध’ याला मात्र माझ्याकडे खानदेशातलीच उत्तरं आहेत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, गुलामांनी वेचलेला तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या कापसाचा भाव चढला. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्या मळ्यांतल्या माणसांच्या नशिबाशी आपल्या पणज्यांचं नशीब असं बांधलेलं होतं. युद्ध संपून दशकही झालं नव्हतं, तेव्हा १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली कुणाला, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यात बसून त्यांना तो संबंध दिसला.

आणि मलिक अंबर. भाच्याने शाळेत हे नाव वाचलेलं असेल, पण तो इथिओपियात जन्मलेला आणि पुन्हा पुन्हा विकला गेलेला गुलाम होता हे पोरांच्या लक्षात राहत नाही. हाच माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं. तिथे पाण्याची नहर बांधली, जमिनीची मोजणी करून सारा ठरवला. १६२४ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. मुघलांचं दक्षिणेतलं ठाणं होतं बऱ्हाणपूर, आपल्या खानदेश सुभ्याची राजधानी. तिथून फौजांमागून फौजा निघाल्या, पण १६२६ला तो मरेपर्यंत त्याला कायमचं नमवणं त्यांना जमलं नाही. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख काळ्या तोंडाचा असा हिणवून केला आहे. आणि १६१६च्या सुमाराला जहांगीरच्या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढलं: बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं तोडलेलं डोकं, आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. खरं म्हणजे तेव्हा अंबर जिवंत होता आणि लढत होता. जे रणात जमलं नाही ते चित्रात केलं. भाच्याला हे चित्र शोधून दाखवा. कर्तबगार कृष्णवर्णीय माणूस समोर आला की त्याची कातडी पुढे करायची, ही खोड किती जुनी आहे ते त्याला एका नजरेत दिसेल.

यातून पुढे काय होऊ शकतं तेही त्याला सांगा. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एक शाळकरी मुलगा बेपत्ता झाला आणि शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं अशी अफवा उठली. मुलगा परत आला, पण पुढे त्याचा मृत्यू झाला. नंतर जमावाने वाटेत दिसतील त्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारलं. असल्या अफवेवर शिकल्यासवरल्या वस्तीचा विश्वास कसा बसला? ‘ते लोक कसे असतात’ हे हसत हसत आधीच मनात भरलेलं होतं म्हणून. तुमचा भाचा कुणाला मारायला जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण अफवेला लागणारी जमीन अशा ओळींनीच तयार होते.

काय करू नये, तेही सांगते. ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर त्याला झापू नका. मित्रांपुढे पडतं घेणं त्या वयाला जमत नाही, मग तो दुप्पट जोराने लिहितो. त्याच्या ओळींचे स्क्रीनशॉट नातेवाइकांत फिरवू नका. ‘तू वर्णद्वेषी आहेस’ असा शिक्का मारू नका. शिक्का मारला की तो स्वतःचा बचाव करत बसतो आणि वाक्य बाजूला राहतं. आणि ‘आपल्यालाही परदेशात असंच बोलतात’ हे पहिल्या वाक्यात आणू नका. ते खरं आहे, पण त्यातून पोरं एवढंच शिकतात की आपल्याला लागलं तर वाईट.

आता कॉलेजात खरोखर कुणी आफ्रिकन विद्यार्थी असेल तर. असा मुलगा या ओळींवर स्वतःही हसत असेल, म्हणून त्याला चालतं असं समजू नका. वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने २०२० साली सांगितलं की आयपीएलमध्ये त्याला ‘कालू’ म्हणायचे, सगळे हसायचे, आणि संघातला माणूस म्हणून त्यालाही ती गंमतच वाटायची. अर्थ कळला तो पुष्कळ नंतर, आणि तेव्हा त्याला फार लागलं. परक्या गावात, परक्या भाषेत एकटा असलेला मुलगा हसतो कारण न हसून कुठे जाणार? अशा वेळी भाच्याने ओळ पुसून थांबू नये, त्या मुलाला भेटून सरळ माफी मागावी, आणि ती माफी ग्रुपवर मिरवू नये. प्रकरण कुणा एकावर रोज चाललं असेल तर ते रॅगिंग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत रंग, वंश, जात, राष्ट्रीयत्व, दिसणं, जन्मस्थान यांवरून दिलेला मानसिक त्रासही घातला आहे, आणि तो नव्या-जुन्या सगळ्याच विद्यार्थ्यांना लागू आहे. प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असावी लागते. आयोगाची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. शिक्षा वसतिगृहातून काढण्यापासून कॉलेजातून काढण्यापर्यंत जाते. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ वंशावरून तेढ पसरवण्याबद्दल आहे, पण प्रत्येक टोमणा त्यात बसत नाही, आणि पोलिसांची भीती घालून पोरगं समजूतदार झाल्याचं मी पाहिलेलं नाही. नियम त्याला माहिती म्हणून सांगा, धमकी म्हणून नको.

एका बैठकीत हे सगळं बोलू नका. पहिल्या वेळी फक्त ते वाक्य सरळ करायला सांगा आणि गप्प बसा. त्याने काही विचारलं तर आकड्यांचं बोला, नाही विचारलं तर पुढच्या सुट्टीत मलिक अंबरचं चित्र काढा. आणि जमलं तर त्याच्या ग्रुपमध्ये सातपुड्याकडची मुलं आहेत का, त्यांच्याशी त्याचं कसं आहे, हे सहज विचारा. त्यावर तो काय म्हणाला ते इथे लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.